एल-३ नावाची चुनखडी

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’ या रिगला तेल लागले. या रिगचे नाव एका पिढीच्या तोंडी होते, तिचे चित्र एक रुपयाच्या नोटेवरही आले. पण ज्या खडकाने त्यानंतर पन्नास वर्षे देशाला तेल दिले, त्याचे नाव तेलाच्या धंद्याबाहेर फारसे कुणी घेत नाही. भूवैज्ञानिक त्याला एल-३ म्हणतात. बॉम्बे हाय या तेलक्षेत्राचा मागोवा घ्यायचा तर तो या चुनखडीपासूनच घ्यावा, असे मला वाटते. कारण तिथले चढउतार हा खडक आपल्याला किती कळला होता, यावरच ठरत गेले.

शोधाची कथा थोडक्यात सांगता येते. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग (ओएनजीसी) स्थापन झाला. साठच्या दशकाच्या मध्यावर एका सोव्हिएत जहाजाने खंबायतच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात सर्वेक्षण केले, तेव्हा तळाखाली एक प्रचंड उंचवटा असल्याची चाहूल लागली. पण ७५ मीटर पाण्यात उभे राहून खोदायचे साधन आपल्याकडे नव्हते. ‘सागर सम्राट’ जपानमध्ये बांधून घ्यावी लागली. ती खोदकामाला लागली तेव्हा १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले होते.

त्या उंचवट्याचा जन्म मात्र सावकाश सांगण्याजोगा आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून तुटला. पुढे दख्खनचा लाव्हा वाहिला त्या सुमारास सेशेल्सही दूर गेले. या ताणाताणीत पश्चिम किनाऱ्याचे कवच फाटले, काही ठोकळे खाली खचले, काही वरच राहिले. बॉम्बे हाय हा असा वर राहिलेला ठोकळा. त्याच्या बुडाशी ग्रॅनाइट आणि नाइस आहे, आणि काही ठिकाणी आपल्या सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट. भोवतीच्या खोलगट भागांत सेंद्रिय अवशेषांनी भरलेला चिखल साचला. त्याला पन्ना शैलसमूह म्हणतात. तो खोल गाडला गेला, तापला, आणि त्यातून तेल सुटून वर सरकू लागले.

त्याला थांबायला जागा मिळाली ती सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या, मायोसीन काळातल्या चुनखडीत. तेव्हा या ठोकळ्यावर उथळ, उबदार समुद्र होता. नद्यांचा गाळ तिथवर कमी पोचायचा, त्यामुळे पाणी नितळ राहायचे. फोरॅमिनिफेरा हे सूक्ष्म कवचधारी जीव आणि शेवाळ यांच्या अवशेषांचे थर साचत गेले. मधून मधून समुद्र मागे हटला, चुनखडी उघडी पडली, पावसाच्या गोड पाण्याने कवचे विरघळली आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरल्या. नंतर वर शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाचे, थर बसले आणि तेलाची वाट बंद झाली.

हा खडक साधारण १३०० ते १४०० मीटर खोलीवर सापडतो. त्याचा कोअर, म्हणजे विहिरीतून कापून काढलेली दंडगोल कांडी, हातात घेतली तर छिद्रे डोळ्यांना दिसतात. पण ती एकमेकांना जोडलेली असतीलच असे नाही. जाळीदार आंबोळीत भोके पुष्कळ असली, तरी प्रत्येक भोक शेजारच्याला मिळालेले नसते, तसेच हे. सच्छिद्रता किती, हे विहिरीत सोडलेल्या उपकरणांच्या लॉगवरून, म्हणजे नोंदींवरून, काढता येते. तेल वाहील का, म्हणजे पारगम्यता किती, हे कोअर प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय आणि विहीर प्रत्यक्ष वाहती करून पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. त्यात एल-३ हा एक थर नव्हेच. पातळ शेलने आणि घट्ट चुनखडीने विभागलेले ते अनेक थर आहेत. एकात तेल धावते, त्याच्या शेजारच्यात रेंगाळते. शिवाय वर गॅस-कॅप, म्हणजे वायूचे टोपण.

मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, १९७८ मध्ये तेल समुद्राखालच्या नळातून उरणला येऊ लागले. ऐंशीचे दशक वेगाचे होते. त्याच्या उत्तरार्धात वर्षाला सुमारे दोन कोटी टन तेल निघत होते, देशाच्या एकूण तेलाच्या निम्म्याहून अधिक. तेल उपसले की खडकातला दाब घटतो. तो टिकवायला पाणी आत दाबावे लागते, आणि ते काम १९८४ पासून सुरू झाले. दाबलेले पाणी सर्वाधिक पारगम्य थरातून पुढे पळाले, मंद थरांतले तेल जागच्या जागी राहिले. दाब घटला तिथे गॅस-कॅप फुगून वायू विहिरींत शिरू लागला. अशा विहिरी बंद कराव्या लागल्या. १९८९-९० मध्ये देशाचे उत्पादन सुमारे ३.४ कोटी टन होते, ते १९९२-९३ मध्ये २.७ कोटींवर आले. त्या घसरणीत मोठा वाटा बॉम्बे हायचा होता. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाची घाई मी समजू शकतो. तरीही खडक नीट वाचून होण्याआधीच त्याच्याकडून फार मागितले गेले, असे माझे मत आहे.

नव्या शतकाच्या आरंभी क्षेत्राच्या पुनर्विकासाचे काम सुरू झाले. आधीच्या शेकडो विहिरींचे लॉग, कोअर, दाबाच्या नोंदी पुन्हा चाळल्या गेल्या. त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षणाशी त्या जुळवून संगणकावर थराथराची प्रतिमाने उभी राहिली. जुन्या विहिरींना फाटे काढून, आडव्या विहिरी खोदून हव्या त्याच थरात शिरता येऊ लागले. मला हा टप्पा १९७४ च्या शोधाइतकाच मोठा वाटतो, जरी त्याची छायाचित्रे कुठे छापून आली नाहीत. याच काळात, २७ जुलै २००५ रोजी, बॉम्बे हाय नॉर्थ (बीएचएन) प्लॅटफॉर्मला एका जहाजाची धडक बसून आग लागली आणि २२ जणांचा जीव गेला. त्या माणसांना वगळून या क्षेत्राचा हिशेब मांडता येणार नाही.

चुनखडीच्या बुडाशी असलेल्या पायाखडकाकडेही लक्ष वळले आहे. ग्रॅनाइटला स्वतःची छिद्रे जवळजवळ नसतात, पण भेगा असतात, आणि काही ठिकाणी त्या भेगांत तेल सापडले आहे. भेगांचे जाळे कुठून कुठे जाते हे ओळखणे चुनखडीपेक्षाही अवघड.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्रासाठी तांत्रिक सेवा द्यायला बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड केली. आता तेलाबरोबर पाणी मोठ्या प्रमाणात येते. मुळात होते त्यातले निम्म्याहून अधिक तेल अजून खडकातच आहे: जिथे पाणी पोचले नाही अशा पातळ थरांत, न जोडलेल्या छिद्रांच्या पट्ट्यांत, दोन विहिरींच्या मधल्या जागेत. त्यातले किती काढता येईल, हे प्रत्येक थराचा नकाशा किती बारकाईने काढला जातो यावर अवलंबून आहे.