ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीस १८२८ सालीं, नाशकास १८४० सालीं व पुण्यास १८४८ सालीं अशीं वाचनालयें निघालीं. पुण्याच्या संस्थेचें मूळ नांव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असें होतें. त्या काळीं विद्येचा मान इंग्रजी ग्रंथांस, आणि इंग्रजीच्या खालोखाल संस्कृतास. अशा वेळीं, १ जून १८९३ रोजीं, ठाण्यासारख्या लहानशा गांवीं जी संस्था स्थापन झाली, तिचें वेगळेपण तिच्या नांवांतच दिसून येतें. ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ हें तें नांव; आणि मराठी ग्रंथ तेवढे मिळवून जतन करावे, हा तिचा हेतु.

या कार्यांत पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे यांस तेव्हां बावीस वर्षेंहि पूर्ण झालीं नव्हतीं. ठाण्यास आगगाडी १८५३ मध्येंच आलेली. मुंबई अवघ्या एकवीस मैलांवर. तरी मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें तें १८९८ सालीं, म्हणजे ठाण्याच्या मागून पांच वर्षांनीं. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला स्थान मिळावें म्हणून न्यायमूर्ति रानडे यांस दीर्घ खटपट करावी लागली, ती याच सुमारास. जी भाषा परीक्षेस नाहीं, तिचीं पुस्तकें कोणीं व कशाला सांभाळावीं, असाच बहुतेकांचा समज असावयाचा.

परंतु पुस्तकाचें आयुष्य फार थोडें. हलक्या कागदावरचें पुस्तक दोन पावसाळे भिजलें कीं संपलें. त्यांतहि विलक्षण गोष्ट अशी कीं, जें पुस्तक घरोघर असतें तेंच आधीं नाहींसें होतें. क्रमिक पुस्तकें, पंचांगें, व्रतकथा, नाटकांच्या पदांचीं चोपडीं हीं सर्वांजवळ असतात, म्हणून कोणीच राखीत नाहीं. ग्रंथाची योग्यता त्याच्याच पिढीला ठरवितां येत नाहीं. म्हणून संग्राहकानें आधीं सांठवावें आणि निवड पुढच्यांवर सोंपवावी, हेंच शहाणपणाचें.

या उद्योगाचें फळ लवकरच दिसलें. भावे यांचें ‘महाराष्ट्र सारस्वत’ १८९८ पासून प्रसिद्ध होऊं लागलें व प्राचीन मराठी वाङ्मयाचा सुसंगत इतिहास महाराष्ट्रापुढें आला. संग्रह करणारा आणि इतिहास लिहिणारा एकच पुरुष असावा, हा निव्वळ योगायोग खचित नव्हे. पुढें शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ सालीं प्रसिद्ध केली. पुस्तक कोठें तरी, कोणीं तरी राखलें असेल तरच अशा कार्याला आधार मिळतो.

१९५४ च्या कायद्यानें नव्या ग्रंथाच्या प्रती ठराविक ग्रंथालयांस देणें प्रकाशकांवर बंधनकारक झालें, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यापूर्वीचें जें कांहीं उरलें आहे, तें जुन्या संग्रहालयांत आणि आपल्याच घरांच्या माळ्यांवर आहे. वांटण्यांच्या वेळीं आपण तांब्यापितळेचीं भांडीं मोजून घेतों. पुस्तकांची पेटी मात्र कोणाच्याच वांट्यास येत नाहीं, आणि अखेर ती रद्दीवाल्याच्या तराजूंत पडते.

तेव्हां गृहिणींस व गृहस्थांस एवढीच विनंती. पेटी विकण्यापूर्वीं एक दुपार ती उघडून पाहावी. मुखपृष्ठ फाटलें असलें तरी छापखान्याचें नांव व साल असलेलें पान टाकूं नये. मागच्या जाहिरातींचीं पानेंहि ठेवावीं, कारण त्या काळचीं इतर पुस्तकें व त्यांच्या किंमती त्यांतूनच कळतात. जें घरीं ठेवावयाचें त्यांत वेखंडाची पुरचुंडी घालावी; जें ठेवावयाचें नाहीं त्याची यादी करून जवळच्या ग्रंथालयास आधीं विचारावें. ठाण्याचा तो संग्रह सव्वाशेंहून अधिक वर्षें टिकला, तो अशाच एकेका पुस्तकानें वाढत गेला आहे.