उगमाची नोंद

जठरात उतरवता येणारा चिमुकला कॅमेरा १९५० साली जपानात सिद्ध झाला आणि बहुधा हाताबाहेर गेल्यावरच कळणारा जठराचा कर्करोग बाल्यावस्थेत दिसू लागला. तेव्हा १९६२ साली त्या देशातील अंतर्दर्शनतज्ज्ञांनी असे ठरविले की, जो रोग श्लेष्मल अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात थांबलेला आहे तो, लसिकाग्रंथींत पोहोचलेला असो वा नसो, आरंभीचा समजावा. खोलीची मोजणी चोख झाली. परंतु जणू जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र नोंदले गेले आणि मूळ मालकाचा, म्हणजे रोगाच्या उगमाचा, रकाना कोराच राहिला.

तो रकाना भरण्यास प्रारंभ केला फिनलंडच्या लॉरेन यांनी. आतड्यातल्याप्रमाणे ग्रंथी रचणारा एक आणि सुट्या पेशींनी विखुरत जाणारा दुसरा, असे दोन प्रकार त्यांनी १९६५ साली वेगळे केले. अगदी लहान कर्करोगांचा माग काढून जपानच्या नाकामुरा यांनी १९६८ साली प्रतिपादन केले की, पहिला उद्भवतो तो दीर्घ दाहाने आतड्यासारख्या बनलेल्या अस्तरातून, दुसरा मात्र जठराच्या मूळच्या अस्तरातून. त्या दाहाचा मुख्य कारक असलेला हेलिकोबॅक्टर हा जंतू पर्थ येथे १९८२ साली वॉरेन व मार्शल यांच्या हाती लागला. परंतु १९९८ साली न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात विखुरत्या कर्करोगाचे मूळ, पेशींना परस्परांशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या वारशाने आलेल्या दोषात सापडले, तेव्हा जंतू हाच एकमेव आरोपी नव्हे, हेही स्पष्ट झाले.

अंतर्दर्शनाच्या दुर्बिणीतून पाहता पहिला प्रकार बहुधा लालसर दिसतो, कधी उंचवट्याचा, कधी खळग्याचा. दुसरा प्रायः फिकट व खोलगट, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कित्येक पेशींत साचलेल्या श्लेष्म्याने केंद्रक कडेला रेटले गेल्यामुळे पेशीला खड्याच्या अंगठीचे रूप आलेले असते. हा भेद केवळ रूपाचा नव्हता. २००१ सालच्या जपानी उपचार-निर्देशांनी दुर्बिणीतूनच रोग कापून काढण्याची मुभा दिली ती अस्तरापुरत्या, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, व्रणरहित अशा पहिल्या प्रकारालाच. दुसऱ्याच्या वाट्याला, तितकाच उथळ असूनही, शस्त्रक्रिया आली, कारण लसिकाग्रंथींत शिरण्याची त्याची शक्यता अधिक मानली गेली. पुढे तंत्र सुधारले, मुभा दुसऱ्या प्रकारातील काही लहान कर्करोगांनाही मिळाली. तथापि खोलीच्या आकड्याशेजारी उगमाची नोंद असल्याखेरीज उपचाराचा निर्णय आजही पुरा होत नाही.