कानात कान्हेरी

"आता उजवीकडे वळा आणि पायऱ्या चढायला लागा," असं माझाच आवाज आत्याच्या कानात सांगत होता, आणि आत्या तिसऱ्या लेण्याच्या अंगणात उभी राहून उजवीकडच्या कातळाकडे बघत होती. "अरे, पायऱ्या कुठायत? भिंत आहे इथे!" ती ओरडली. चूक तिची नव्हती. मी घरी बसून लिहिताना मनातल्या मनात लेण्याकडे तोंड करून उभा होतो. ती लेणं बघून बाहेर पडत होती, म्हणजे लेण्याकडे पाठ करून. माझं उजवं ते तिचं डावं.

ऑडिओ टूर नावाच्या यंत्राची पहिली परीक्षा हीच. इतिहास नंतर येतो. आधी ऐकणाऱ्याचं तोंड कुठे आहे ते ठाऊक पाहिजे.

आत्या मुलुंडची. सत्तरी ओलांडली आहे, पाय अजून टणक आहेत, पण डोळ्यांनी दगा दिलाय. लेण्यांबाहेरचे माहितीफलक तिला वाचता येत नाहीत. मागच्या खेपेला ती एका सहलीबरोबर कान्हेरीला आली होती. तिथल्या गाइडने चाळीस मिनिटांत सगळ्यांना पळवलं आणि शेवटी "असे हे बौद्ध लेणे" म्हणून गाडीत बसवलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं, "मला माझ्या पायांनी बघायचंय." तिच्यासाठी मी फोनवर तुकडे रेकॉर्ड करायला घेतले, आणि ते करता करता या प्रकाराच्या नादालाच लागलो.

प्रकार तसा जुना आहे. १९५२ साली अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमने लोकांच्या हातात छोटे रिसीव्हर दिले. टेपवरचं निवेदन तारेच्या वेढ्यातून दालनभर प्रक्षेपित व्हायचं. त्यामुळे सगळ्यांना एकच वाक्य एकाच क्षणी ऐकू यायचं. तेव्हाच्या फोटोंत माणसं कवायतीला उभी केल्यासारखी एकाच दिशेला माना वळवून उभी दिसतात. पुढे अमेरिकेत हाईड पार्क इथल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या घराची सफर टेपवर आली, तीही खुद्द एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आवाजात. घरधनीणच घर दाखवते म्हटल्यावर गाइड कोणाला हवा? १९७९ साली वॉकमन आला आणि आवाज प्रत्येकाच्या खिशात गेला. कॅनडाच्या जॅनेट कार्डिफने १९९१ मध्ये बॅन्फच्या रानात ऐकत चालण्याचा वेगळाच कलाप्रकार सुरू केला. त्यात माहिती कमी आणि कानात कुजबुजणारी बाई जास्त. आपल्याकडे जोधपूरच्या मेहरानगडावर जी ऑडिओ टूर मिळते, तिच्यात महाराजा गजसिंग स्वतः बोलतात. माझ्या मते देशात ऐकण्यासारखी तीच पहिली.

युरोपातल्या तटबंदीच्या जुन्या गावांना हे फारच मानवलं. ताल्लिन घ्या, यॉर्क घ्या. गाव छोटं, गल्ल्या अरुंद, गाड्यांचा त्रास कमी, आणि चुकलात तरी तटाला अडणार! असं मध्ययुगीन शहर आपल्या उपनगरांजवळ कुठलं म्हणून विचारलं तर बहुतेक जण वसईचं नाव घेतील. पोर्तुगीजांचं तटबंद शहर, १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेलं. बरोबरच आहे. पण बोरिवलीच्या पोटात त्याहून जुनं एक गाव आहे आणि आपण त्याला नुसतं 'लेणी' म्हणतो.

कान्हेरीला गाव म्हणायला माझ्याकडे कारणं आहेत. शंभराहून जास्त खोदीव घरं, त्यांना जोडणारे कातळात कोरलेले जिने, घरोघरी पाण्याचं टाकं, एक मोठं प्रार्थनाघर, एक भोजनगृह आणि गावाच्या कडेला स्मशान. इसवी सनाच्या आगेमागे खोदकामाला सुरुवात झाली आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे माणसांचा वावर होता. म्हणजे सह्याद्रीतली बरीच लेणी ओस पडल्यानंतरही, थेट मध्ययुगात, इथे दानं येत होती. शके ७७५, म्हणजे इसवी सन ८५३ च्या सुमाराचा एक लेख आहे. तेव्हा गादीवर राष्ट्रकूट अमोघवर्ष, आणि कोकणात त्याचा मांडलिक शिलाहार कपर्दी. गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने १०० द्रम्म नाणी कायम ठेव म्हणून दिल्याचं त्यात नोंदवलंय. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भिक्षूंची सोय करायची. मुदत ठेवच म्हणा की.

आता हे सगळं कानात कसं घालायचं? पहिल्या कच्च्या मसुद्यात मी पुस्तकासारखा गेलो. आधी सातवाहन, मग त्रैकूटक, मग राष्ट्रकूट, मग शिलाहार. आत्याने घरीच ऐकलं आणि तिसऱ्या मिनिटाला कानातलं काढून ठेवलं. "हे तू परीक्षेला लिही," म्हणाली. खरं होतं. डोळ्यांना मागे जाऊन पुन्हा वाचता येतं, कानाला ती सोय नाही. 'इ.स. १७२ ते २०१' हे छापलेलं बरं दिसतं, पण चढावर धापा टाकत ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्याला 'अठराशे वर्षांपूर्वी' एवढंच पुरतं.

मग राजे काढून टाकले आणि एका भिक्षूचा दिवस घेतला. तो उठतो कुठे, पाणी कुठलं पितो, जेवतो कुठे, मेल्यावर जातो कुठे. टूर त्या क्रमाने लावली. लेण्यांवर पुरातत्त्व खात्याने आकडे टाकलेले आहेत, पण ते ओळीने घेतलेत तर पायांची चाळण होते. एक, दोन, तीन खाली असतात आणि मग डोंगर तुम्हाला हवा तसा फिरवतो.

पहिला थांबा टाक्याचा. लेण्याच्या अंगणात, ओसरीच्या एका अंगाला, कातळात हात-दोन हात रुंदीचं चौकोनी तोंड असतं. वरून बघितलं तर हौदाएवढं वाटतं. वाकून आत डोकावलं की कळतं, तोंड लहान आणि पोट मोठं, खोली कातळाच्या आत दूरवर पसरलेली. पाण्यावर ऊन पडू नये, वाफ होऊन ते उडू नये, यासाठीची ही युक्ती. मान वर करून बघा. कपाळपट्टीच्या वर, डोंगराच्या अंगावर बोटा-दोन बोटांच्या पन्हाळी खोदलेल्या दिसतील. पावसाचं पाणी लेण्याच्या तोंडावर न सांडता त्यांतून टाक्यात उतरायचं. शिलालेखांत या टाक्याला 'पोढि' म्हणतात आणि ती दान दिल्याचे स्वतंत्र लेख आहेत. टाकं खोदून देणं हे लेणं देण्याइतकंच पुण्याचं. मी इथे रेकॉर्डिंगमध्ये म्हटलंय, "थांबा, आणि खडा टाकू नका." कारण प्रत्येक जण टाकतो.

दुसरा थांबा अकरावं लेणं, ज्याला दरबार हॉल म्हणतात. दरबार कसला, पंगत! लांबलचक दालनात जमिनीतूनच घडवलेले दोन बुटके दगडी बाक समोरासमोर धावतात, वेरुळच्या पाचव्या लेण्यात आहेत तसे. या बाकांवर मांडी घालून बसलं की दोन ओळींतल्या माणसांची तोंडं एकमेकांकडे येतात. कोणी म्हणतात जेवणाला, कोणी म्हणतात अध्ययनाला. माझा कौल जेवणाला. या थांब्याचं रेकॉर्डिंग मी घरी पंखा बंद करून, गोधडी डोक्यावर घेऊन केलं, कारण रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गोधडीतून घुमणं गेलं, पण मधेच शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. पुन्हा केलं नाही. भोजनगृहात एक शिट्टी शोभते.

तिसऱ्या लेण्याच्या चैत्यगृहात मी अक्षरशः काही बोलत नाही. दाराशी उभं राहून सांगतो की दुसऱ्या शतकाच्या शेवटी, यज्ञ सातकर्णीच्या काळात, व्यापारी भावांनी हे करवून घेतलं. ओसरीच्या दोन टोकांना दिसणारे दोन मजली उंचीचे बुद्ध मात्र काही शतकांनी नंतरचे. मग म्हणतो, "कानातलं काढा आणि आत जा." चैत्यात स्वतःच्या पावलांचा आवाज छतावरून परत येतो. त्याच्यावर माझी बडबड कशाला हवी? मी ऐकलेल्या बऱ्याच विकतच्या ऑडिओ टूर इथेच मार खातात. त्यांना वाटतं मिनिटाचे पैसे घेतलेत तर मिनिटभर बोललं पाहिजे.

दानाचे लेख हा मला सगळ्यात लाडका भाग. कल्याणचा कोणी, सोपाऱ्याचा कोणी, चेमुलचा म्हणजे चौलचा कोणी. आणि एका लेखात भिक्षूंच्या खर्चासाठी मंगलथान गावचं शेत दिल्याचं येतं. मंगलथान म्हणजे आपलं मागाठाणे. मी हे आत्याला बाराव्या मिनिटाला सांगतो, आणि बोरिवली-दहिसरकडचा कुठलाही माणूस तिथे हमखास थबकतो. मेट्रोच्या स्टेशनाचं नाव शिलालेखात! त्या शेतावर भात असेल की नाचणी, देव जाणे. आज तिथे पार्किंगला जागा मिळत नाही.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी मंडळी इथे बघायला आली आणि आपली नावं, तारखा कोरून गेली. 'अमुक तमुक येथे आला' हा प्रकार हजार वर्षांचा आहे. म्हणून आज कोणी खिळा काढावा असं नाही. त्यांचं जमून गेलं.

आणि गाइड थापा मारतात म्हणून ओरडणाऱ्यांनी दियोगो दो कुतो वाचावा. हा पोर्तुगीज बखरकार लिहितो की फ्रान्सिस्कन पाद्री अँतोनियो दो पोर्तो वीस माणसं घेऊन इथल्या भुयारात शिरला, सात दिवस चालत राहिला आणि शेवट काही सापडला नाही. भुयार खंबायतपर्यंत जातं अशी तेव्हाची वदंता. पाद्रीबुवा खरे, त्यांनी मंडपेश्वरला चर्च बांधलं तेही खरं. भुयाराचं मात्र माझ्या टूरमध्ये 'ऐकीव' असं आधी सांगून मगच येतं.

स्मशान सत्त्याऐंशीव्या लेण्यापाशी. डोंगराच्या कडेला कातळाच्या पुढे आलेल्या छताखाली विटांच्या स्तूपांचे उरलेले वर्तुळाकार पाये ओळीने दिसतात. इथे थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, आठवणीचे स्तूप होते. बहुतेक लोक इथवर येत नाहीत, खालीच काकडी-मीठ खाऊन परततात. आत्या आली. बराच वेळ बसली आणि म्हणाली, "जागा चांगली निवडली होती हो."

यंत्राविषयी दोन शब्द. फोनमधल्या नकाशाने तुमची जागा ओळखून आपोआप बोलणारी टूर करण्याचा मोह मला झाला होता. करून पाहिली आणि सोडून दिली. लेण्यात शिरलं की डोक्यावर डोंगर येतो, उपग्रहाचा संदेश तुटतो आणि फोन तुम्ही अजून दारातच आहात असं समजून बसतो. रानात नेटवर्कही भरवशाचं नाही. त्यापेक्षा घरूनच उतरवून घेतलेले तुकडे आणि लेण्याच्या आकड्याप्रमाणे दाबायचं बटण बरं. एकूण एकोणीस तुकडे झाले. एकही दोन मिनिटांहून मोठा नाही. आणि दिशा सांगताना 'उजवीकडे, डावीकडे' काढून टाकलं. आता मी सांगतो, "पाणी दिसेल तिकडे," "उतार असेल तिकडे," "मोठ्या बुद्धाकडे पाठ करून सरळ." भिंतीचा प्रश्न परत आला नाही.

तुम्ही करणार असाल तर राजांपासून सुरुवात करू नका, पाण्यापासून करा. जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, त्यामुळे बसची चौकशी आधीच करून ठेवा. आणि इअरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान मोकळा ठेवा, कारण पायऱ्यांवरच्या माकडाला तुमच्या हातातल्या पिशवीची खबर असते आणि ते मागून येतं.