फिरत्या इमारतीतला नळ

जात्याचा वरचा दगड मधल्या लोखंडी खिळ्याभोवती फिरतो, खिळा मात्र जागचा हलत नाही. ब्राझीलमधील कुरितिबा शहरातील ‘स्वीट वोलार्ड’ या इमारतीचे 11 मजले याच तत्त्वावर स्वतंत्रपणे फिरू शकतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तिच्या गाभ्यात, म्हणजे मध्यभागीच्या स्थिर काँक्रीटच्या भागात आहेत आणि फिरते ते त्याभोवतीचे कडे. अवजड मजला फिरवणे तितकेसे अवघड नाही, कारण चाकांवर टेकलेला भार संथपणे सरकवायला फारशी शक्ती लागत नाही. खरी डोकेदुखी सांडपाण्याच्या नळाची, जो पीळ पडताच तुटेल. वीज घासत्या पट्ट्यांमधून फिरत्या कड्याला पोहोचवता येते, मैल्याला ती सोय नाही. दुबईसाठी 2008 मध्ये मांडलेला डेव्हिड फिशर यांचा 80 मजली फिरता मनोरा कागदावरच राहिला.