बारा तासिकांची राज्यघटना

छत्तीसगडच्या बस्तर विभागात नेमलेल्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा राज्य सरकारने त्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम न्यायालयाला सादर केला होता. प्रशिक्षण दोन महिन्यांचे होते. त्यात दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुरावा कायदा यांसाठी मिळून २४ तासिका. मानवी हक्क आणि राज्यघटनेतील अन्य तरतुदींसाठी १२ तासिका. बस्तरची संस्कृती व चालीरीती यांसाठी ९ तासिका. शिकणारे तरुण बहुतांशी आदिवासी होते. पाचवी उत्तीर्ण असणाऱ्यांना भरतीत प्राधान्य होते आणि मानधन दरमहा तीन हजार रुपये. एवढ्या शिदोरीवर त्यांच्या हाती बंदूक देण्यात आली होती. ५ जुलै २०११ रोजी न्या. बी. सुदर्शन रेड्डी आणि न्या. सुरिंदरसिंग निज्जर यांच्या खंडपीठाने ही व्यवस्था घटनेच्या १४ व २१ व्या अनुच्छेदांचा भंग करणारी ठरविली. इतक्या अल्पशिक्षित तरुणांना इतक्या थोड्या तासिकांत कायद्याचे आणि मानवी हक्कांचे आकलन होईल, हे न्यायालयाला पटले नाही.

या निकालाची चर्चा झाली ती प्रामुख्याने सलवा जुडूम आणि माओवाद यांच्या संदर्भात. परंतु त्या बारा तासिकांमागे दडलेला प्रश्न शिक्षणाचा आहे आणि तो बस्तरपुरता मर्यादित नाही. नागरिकत्व ही तासिका ठरवून, परिपत्रक काढून शिकविता येणारी गोष्ट आहे, असे राज्यकर्त्यांनी नेहमीच मानले. दिल्लीत समित्या नेमल्या गेल्या, रायपुरातून आदेश निघाले. शिकविणाऱ्याने आधी काय करावयाचे, याचा विचार मात्र मागेच पडला.

समित्यांचा काळ

१९९९ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरते. मनुष्यबळ विकास मंत्रालयाशी संलग्न संसदीय स्थायी समितीने त्या वर्षी मूल्यशिक्षणावरील अहवाल सादर केला. समितीचे अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण. महाराष्ट्राच्या राजकारणात 'हेडमास्तर' म्हणून ओळखल्या गेलेल्या या नेत्याच्या समितीने सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया म्हणून सुचविली. त्याच वर्षी न्या. जे. एस. वर्मा समितीने मूलभूत कर्तव्यांच्या शिक्षणावर अहवाल दिला. ही कर्तव्ये घटनेत आली ती १९७६ मध्ये, ४२ व्या दुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीच्या काळात, हे येथे विसरता येत नाही.

चव्हाण समितीचा आधार घेऊन २००० चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला. त्याला 'अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात आव्हान दिले गेले. सप्टेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक शिकवण आणि धर्मांचा अभ्यास यांत भेद करून आराखडा वैध ठरविला. पुढे सत्ताबदल झाला आणि २००५ चा आराखडा आला. त्याने शालेय 'नागरिकशास्त्रा'च्या जागी 'राज्यशास्त्र' असावे, अशी शिफारस केली. कारण नागरिकशास्त्र हा विषय इंग्रजी अमदानीत जन्मला होता आणि निष्ठावान प्रजा घडविणे हा त्याचा मूळ हेतू होता. त्या आराखड्यानुसार झालेल्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचे एक मुख्य सल्लागार पुण्याचे सुहास पळशीकर होते. २०१२ मध्ये त्याच पुस्तकांतील एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेची दोन्ही सभागृहे दुमदुमली आणि २०२३ मध्ये, पुस्तकांतील काटछाटीनंतर, पळशीकर व योगेंद्र यादव यांनी आपली नावे त्यांतून काढावीत, अशी मागणी केली. मूल्ये सर्वांची असली तरी ती सांगणारे पुस्तक कोणाचे, हा वाद दर सत्ताबदलाबरोबर नव्याने उभा राहतो.

रायपूरचा जुना अनुभव

हा वाद रायपूरला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जबलपूरहून येथे आलेल्या राजकुमार कॉलेजात संस्थानिकांच्या मुलांना साम्राज्याशी एकनिष्ठ राहण्याचे वळण लावले जात होते. त्याच सुमारास याच प्रदेशात तीन मराठी भाषकांनी नागरिक घडविण्याचा अगदी वेगळा प्रयत्न आरंभिला. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक निघाले. संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशक वामन बळीराम लाखे. मासिक मराठीत नव्हे, हिंदीत होते. पेंड्र्याच्या राजकुमाराची शिकवणी करून मिळणाऱ्या पैशातून सप्रे त्याचा खर्च भागवीत. ते जेमतेम तीन वर्षे चालले. परंतु या मागास समजल्या जाणाऱ्या मुलखात वाचणारा, विचार करणारा, प्रश्न विचारणारा वर्ग तयार व्हावा, हा त्यामागील हेतू पुढे टिकला. सप्रे यांनी टिळकांचे 'गीतारहस्य' आणि रामदासांचा 'दासबोध' हिंदीत आणला, रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. लाखे यांनी असहकाराच्या काळात रावसाहेबकीवर पाणी सोडले आणि १९२१ मध्ये सुरू झालेल्या रायपूरच्या राष्ट्रीय विद्यालयाच्या कामात ते अग्रभागी राहिले. आज रायपुरात सप्रे शाळा आहे, लाखेनगर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीमागोमाग या भागात स्थिरावलेल्या मराठी समाजाची ही कमाई होय. भोसल्यांचा अंमल मुलखावर होता. सप्रे-लाखे यांना स्थान मिळाले ते त्यांनी येथल्या लोकांची भाषा स्वतःच्या कामाची भाषा केली म्हणून.

याच्या अगदी उलट धडा १९३७ ते १९३९ या काळातील आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झालेले आणि १९३८ मध्ये ना. भा. खरे यांच्या जागी पंतप्रधान झालेले पं. रविशंकर शुक्ल हे रायपूरचे वकील. ज्या गावी शाळा नाही तेथे दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावयाची, अशी त्यांची 'विद्यामंदिर' योजना होती. वर्ध्याच्या नई तालीमचाच तो काळ. योजना गरिबांसाठी होती, खर्चाचा विचारही व्यवहार्य होता. परंतु 'मंदिर' या शब्दावर मुस्लिम लीगने आक्षेप घेतला, १९३८ च्या पीरपूर अहवालात तो नोंदविला गेला आणि नागपुरात आंदोलन उभे राहिले. लीगच्या आक्षेपांत राजकारण किती आणि खरी भीती किती, यावर इतिहासकारांत मतभेद असू शकतात. एवढे मात्र निश्चित की, समान मूल्यांच्या शाळेचे नाव ठेवताना ज्यांना तेथे मुले पाठवावयाची होती त्या सर्वांचा कौल घेतला गेला नव्हता. एका शब्दाने एक चांगली योजना संशयाच्या धुक्यात गेली.

भाषा आणि बंद शाळा

१ नोव्हेंबर २००० रोजी राज्य स्थापन झाले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक. राज्याची साक्षरता ७० टक्के, तर बिजापूर जिल्ह्याची जेमतेम ४१. छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेने संमत केले. परंतु बस्तरमधील मुलाच्या घरात गोंडी, हलबी, भतरी किंवा दोरली असते. यांतील हलबी तर मराठी वाचकाला निम्मीशिम्मी उमगावी अशी. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात तिचा समावेश मराठीच्या खंडात केला होता. २६ जानेवारी २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी प्राथमिक शाळांत स्थानिक भाषांचा वापर आणि शाळांतून राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन व चर्चा, अशा दोन घोषणा एकत्र केल्या. महाराष्ट्रातही त्याच दिवसापासून शाळांत उद्देशिकेचे वाचन सुरू झाले. दोन्ही घोषणांचा संबंध उघड आहे. जी उद्देशिका मुलाला कळत नाही ती त्याच्यासाठी आणखी एक प्रार्थना ठरते. वाचन मात्र आदेशाने दुसऱ्या दिवशी सुरू होते, तर गोंडी जाणणारा शिक्षक मिळविण्यास वर्षे लागतात. म्हणून पहिली घोषणा नेहमी दुसरीच्या मागे राहते.

त्याहून कठीण प्रश्न शाळेच्या इमारतीचा आहे. २००५ नंतरच्या हिंसाचारात सुरक्षा दलांनी शाळांत तळ ठोकले आणि त्या तळ ठोकण्यास उपयोगी पडतात म्हणून माओवाद्यांनी पक्क्या शाळा स्फोटांनी पाडल्या. शाळा रिकाम्या कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क झाला आणि त्याच दुरुस्तीने मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्यही झाले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तथापि जून २०२२ मध्ये बिजापूर, सुकमा, नारायणपूर आणि दंतेवाडा या जिल्ह्यांतील २६० बंद शाळा पुन्हा उघडल्या गेल्या, त्यांपैकी १५८ एकट्या बिजापुरातील होत्या. मधल्या वर्षांत तेथल्या पालकाने आपले कर्तव्य कोठे पार पाडावयाचे होते, याचे उत्तर वर्मा समितीच्या अहवालात सापडत नाही.

उत्तरेकडील जशपूर जिल्ह्यात २०१८ मध्ये वेगळेच घडले. 'पत्थलगडी' चळवळीत गावकऱ्यांनी पाचव्या अनुसूचीतील आणि ग्रामसभेच्या अधिकारांतील मजकूर दगडांवर कोरून वेशीवर उभा केला. त्यांनी लावलेले काही अर्थ घटनेला धरून नव्हते, बाहेरच्यांना अटकाव करण्याची भाषा तर आक्षेपार्हच होती. प्रशासनाने अटका केल्या. कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने ते अपरिहार्य होते असे मानले, तरी एक प्रश्न उरतोच. ज्या राज्याला प्रत्येक शाळेत घटना वाचली जावी असे वाटते, त्याने घटना वाचू लागलेल्या आणि चुकीची वाचणाऱ्या गावाशी चर्चा करावयाची की केवळ पोलीस पाठवावयाचे? पेसा कायदा १९९६ चा. छत्तीसगडचे त्याखालील नियम आले २०२२ मध्ये. ती सव्वीस वर्षे ग्रामसभेसाठी नागरिकत्वाची खरी तासिका ठरली असती.

कसोटी

आता चित्र पालटते आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विष्णुदेव साय यांचे सरकार आले. सशस्त्र माओवाद संपविण्यासाठी केंद्रीय गृहमंत्र्यांनी ३१ मार्च २०२६ ही मुदत २०२४ मध्येच जाहीर केली. नवा रायपुरात नव्या विधानसभा भवनाचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण मातृभाषेतील प्रारंभिक शिक्षण आणि घटनात्मक मूल्ये या दोहोंचा पुरस्कार करते. कागदावर आज काहीही कमी नाही.

तरीही २०२५ मध्ये शाळांच्या फेररचनेच्या वेळी राज्य सरकारनेच दिलेली आकडेवारी विचार करावयास लावते. त्या वेळी ४५३ शाळांत एकही शिक्षक नव्हता आणि ५,९३६ शाळांत एकच शिक्षक होता. १०,४६३ शाळांचे समायोजन झाले. त्यांपैकी १०,२९७ एकाच आवारातील होत्या, त्यामुळे त्या बंद केल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षकांची वाटणी सुधारावी, हा हेतूही रास्त आहे. परंतु जेथे एकच शिक्षक पाच इयत्ता, माध्यान्ह भोजन आणि मतदार याद्या सांभाळतो, तेथे वादविवाद, बालसभा, परस्परांचे ऐकून घेणे या गोष्टींना वेळ कोठून मिळणार? पाठांतर तेवढे शक्य होते, आणि म्हणून तेच होते.

रायपूर, बिलासपूर, जगदलपूर येथे काम करणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांपुढे आणि तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न दुहेरी आहे. १९३५ पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी मराठीपण जपले, शाळाही चालविली. बदलीवर आलेला अधिकारी मात्र तीन वर्षांत हिंदीवर भागवतो. तालुक्याच्या बैठकीत हलबी किंवा गोंडी ऐकू आली, तर दुभाष्याकडे पाहतो. सप्रे आणि लाखे यांच्यापाशी कोणताही शासकीय अधिकार नव्हता, तरी त्यांनी उचललेले पहिले पाऊल भाषेचे होते. ज्याच्यापाशी अधिकार आहे त्याच्याकडून ही अपेक्षा जास्त नव्हे. जिल्ह्याच्या शिक्षण आढाव्यात उद्देशिकेचे वाचन किती शाळांत झाले, हा रकाना आज भरला जाऊ शकतो. त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत: मुलाच्या घरची भाषा जाणणारा शिक्षक किती शाळांत आहे, आणि गेल्या वर्षभरात किती शाळा बाहेरच्या कोणत्याही कामासाठी न थांबता चालल्या. बस्तरमधील तरुणांना २०११ पूर्वी बारा तासिकांत जी घटना शिकविली गेली, ती त्यांच्या धाकट्या भावंडांना कशी शिकविली जात आहे, हे या दोन आकड्यांवरून कळेल.