लग्नाला येती साता समुद्रापलीकडचे पाहुणे

पूर्वी लेक द्यायची ती पंचक्रोशीत, फार तर शेजारच्या तालुक्यात. वऱ्हाड बैलगाड्यांतून यायचे आणि वैरणीची सोय झाली की निम्मी काळजी मिटायची. आता शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला शिकतो आणि तिथून परदेशी नोकरीला जातो. लग्न मात्र गावीच, आपल्या दारच्या मांडवात व्हावे असे आई-बापांना वाटते. हल्ली मुलांनाही तेच हवे असते. मग मुलाचे तिकडचे मित्र, तिकडेच स्थायिक झालेली आत्या, तिची तिकडे जन्मलेली नातवंडे अशी मंडळी गावी यायला निघतात. मानपानाची चिंता आपण सहा महिने करतो आणि या पाहुण्यांना नुसती रंगीत पत्रिका धाडतो. त्यांना पत्रिकेहून एका साध्या पत्राचा उपयोग जास्त. तुमच्या घरी असे कार्य असेल तर त्या पत्रात काय लिहावे, ते सांगतो.

आधी तिथीचे बोलू. तिकडच्या लोकांना मोठी रजा मिळते ती नाताळात किंवा जुलै-ऑगस्टात. जुलै-ऑगस्टात आपला चातुर्मास आणि शेतात तण काढायची घाई. नाताळाच्या सुमारास बहुधा पौष लागलेला किंवा जवळ आलेला असतो, आणि विमानाचे भाडेही त्याच दिवसांत सर्वांत चढे. सुगी आटोपून आपण एप्रिल-मेमध्ये बार उडवतो, पण विदर्भ-मराठवाड्यातले ते ऊन आपल्यालाच सोसवत नाही, थंड मुलखातल्या म्हाताऱ्या माणसाला कसे सोसेल? तुळशीचे लग्न झाल्यावर मार्गशीर्षातला मुहूर्त मिळाला तर तो धरा. हवा चांगली, भाजीपाला मुबलक. आणि तिथी ठरली की त्याच दिवशी कळवा. पत्रिका छापून येईपर्यंत थांबू नका.

दुसरी गोष्ट व्हिसाची. आत्या आपल्या वाड्यात जन्मली हे खरे, पण तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ती कायद्याने परदेशी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही. नसेल तर लागतो, आणि तान्ह्या मुलालासुद्धा वेगळा लागतो. लग्नाला येणाऱ्यास पर्यटनाचा ई-व्हिसा चालतो, कारण नातलगांना व स्नेह्यांना भेटणे त्यात बसते. अर्ज घरबसल्या करता येतो. नियमाने तो येण्याच्या निदान ४ दिवस आधी करायचा, पण इतक्या कडेला जाऊ नये. तीनेक आठवडे हाताशी असू द्यावेत. पासपोर्ट भारतात उतरल्या दिवसापासून ६ महिने तरी चालणारा हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. सरकारी नावासारखी नावे घेऊन जादा पैसे उकळणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. ज्याच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा होतो तेच खरे. केनिया, युगांडा अशा आफ्रिकी देशांतून कोणी येत असेल तर पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला जवळ हवा. तो नसला तर पाहुण्याला ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. तोवर इथे हळद, लग्न, सत्यनारायण सगळे उरकलेले असेल.

परदेशी विमाने मुंबईला पुष्कळदा मध्यरात्री उतरतात. आपण हौसेने जीप घेऊन जातो आणि तशीच रातोरात गावाकडे पिटाळतो. हे टाळा. वीस तास प्रवास केलेला पाहुणा आणि जागरण झालेला ड्रायव्हर, दोघांनाही सकाळपर्यंत मुंबईतच विसावू द्या. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपला दिवस असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस त्यांना दुपारी झोप येणार आणि रात्री डोळा लागणार नाही. हळदीच्या निदान तीन दिवस आधी या, असे कळवा. आगगाडीने येणार असतील तर आपल्याला तिकीट ६० दिवस आधी काढता येते (२०२४ च्या नोव्हेंबरपासून ही मुदत १२० वरून खाली आली), पण परदेशी प्रवाशांसाठीच्या कोट्यात ३६५ दिवस आधी काढता येते.

आता खाण्यापिण्याचे, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्या विहिरीचे पाणी आपल्याला मानवते, त्यांना मानवेलच असे नाही. पाणी खळखळून उकळा, झाकून निववा आणि त्यांच्यासाठी वेगळ्या माठात ठेवा. मांडवातला बर्फ, बर्फ घातलेला उसाचा रस, चिरून ठेवलेली फळे त्यांना देऊ नका. गरम वरण-भात, गरम पोळी, सोललेले केळे यांत धोका नाही. तरी पोट बिघडलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा, आणि डॉक्टरला दाखवायला उशीर करू नका.

पण पाण्याहूनही जपायची गोष्ट म्हणजे शेंगदाणा. तिकडे कित्येकांना, विशेषतः मुलांना, शेंगदाण्याचे वावडे असते. वावडे म्हणजे नावड नव्हे. एखादा दाणा पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो आणि वेळेवर इंजेक्शन मिळाले नाही तर जीव जातो. आणि आपल्या स्वयंपाकात दाण्याचे कूट कुठे नाही? वांग्याच्या भरीतात, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत. तळणही पुष्कळ घरांत शेंगतेलाचे. म्हणून पत्रातच विचारा: कोणाला शेंगदाणा, तीळ, काजू असे काही वर्ज्य आहे काय? असेल तर त्यांनी आपले इंजेक्शन बरोबर आणावे. आचाऱ्याला आदल्या दिवशी घरातल्या कर्त्या बाईने स्वतः सांगावे. त्या पाहुण्याचे ताट, भांडी व डाव वेगळे ठेवावेत. “थोडेसेच घ्या, काही होत नाही” असा आग्रह तर कोणीच करू नये. आग्रह ही आपली रीत असली तरी या ताटापाशी ती नको.

सामानाचेही दोन शब्द लिहा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिकडचे केस वाळवायचे यंत्र तसेच लावले तर जळून जाईल. लग्नाचे चित्रीकरण करायला हौसेने ड्रोन आणू नये, २०२२ पासून परदेशी ड्रोन आणण्यास बंदी आहे. विजेवरच्या सिगारेटी २०१९ पासून बंद आहेत. मागच्या खेपेच्या जुन्या ५०० व १००० च्या नोटा कपाटात असतील तर त्या तिथेच राहू द्याव्यात. २०१६ च्या नोव्हेंबरात त्या रद्द झाल्या. लहान मुलांना गावातल्या कुत्र्यांशी खेळू देऊ नका. चावलेच तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेला बरा.

एक काम मात्र पाहुण्याचे नव्हे, तुमचे आहे. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. लोक याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेलवाले ते करतात. घरी उतरवून घेतल्यास ते घरधन्याने करायचे. पुष्कळांना याची गंधवार्ता नसते आणि मग ऐन लग्नघाईत चौकीवर हेलपाटे पडतात. पाहुणे यायच्या आधीच पोलीस ठाण्यात जाऊन रीत विचारून घ्या आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती मागवून ठेवा.

कमोडची सोय नसेल तर तसे आधीच स्पष्ट लिहा, लाजू नका. रात्रीच्या मुक्कामाला त्यांना तालुक्याच्या गावी लॉजवर उतरवता येते. आणि घरातल्या एखाद्या कॉलेजातल्या पोराला त्यांच्यासोबत लग्नभर बसवा. अंतरपाट म्हणजे काय, अक्षता केव्हा टाकायच्या, नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान का पिळला, हे त्याने समजावून सांगावे. आणि बूट कुठे काढले ते आठवणीत ठेवा, हेही त्यानेच सांगावे. करवल्या ते पळवतात आणि पैसे घेतल्याशिवाय देत नाहीत.