निथळवा, टिपा, वारा द्या : घरी धुतलेली गाडी वाळवताना



आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. कुणी शाळेची मुलं ने-आण करते, कुणी बाजाराच्या फेऱ्या मारते, कुणी सासूबाईंना दवाखान्यात नेते. हप्ता आपण भरतो, तशी गाडी धुणंही आपणच करतो. धुवायची कशी हे सगळे सांगतात. धुतल्यावर मात्र ‘वाळेल उन्हात आपोआप’ म्हणून गाडी तशीच सोडली जाते. आज त्या नंतरच्या अर्ध्या तासाबद्दल बोलू या.

उन्हात आपोआप वाळली तर बिघडतं काय? आपल्या गीझरची कॉइल आठवा, किंवा बोअरचं पाणी भरून ठेवायचा हंडा. आत पांढरा, खरखरीत थर बसतो ना? तो पाण्यातल्या क्षारांचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. म्हणजे असं जड पाणी एक लिटर आटलं, तर मागे २ ग्रॅम क्षार उरतात. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. गाडीवरचा प्रत्येक थेंब वाळताना आपल्या कडेला पांढरं कडं सोडतो. आज ते ओल्या फडक्यानं निघतं. महिनोन्‌महिने उन्हात तापत राहिलं की रंगात रुतून बसतं आणि मग पॉलिशवाल्याकडे जावं लागतं.

म्हणून पहिली गोष्ट सावलीची. गाडी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवा. नुकतीच चालवून आणलेली असेल तर बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या पत्र्यावर आपण पुसायच्या आधीच पाणी आटतं.

आता वाळवण्याच्या तीन पायऱ्या.

पहिली, निथळवणं. साबण निघून गेल्यावर शेवटचं पाणी फवाऱ्यानं मारू नका. पाइपाचं नोझल काढा आणि टपावरून हळूहळू, अखंड धार सोडा. सलग धार खाली सरकताना बरेचसे थेंब सोबत ओढून नेते. पाइप नसेल तर तांब्यानं वरून सावकाश ओता. मग दोन-तीन मिनिटं निथळू द्या.

दुसरी पायरी, टिपणं. इथे फडकं महत्त्वाचं. मायक्रोफायबरचं जाड, मऊ फडकं सगळ्यात चांगलं. त्याचे बारीक धागे पाणी शोषतात आणि धूळ आत धरून ठेवतात. नसेल तर बरेचदा धुतलेलं जुनं सुती धोतर किंवा पंचा चालेल, पण काठ आणि शिवण कापून टाका. सदऱ्याला बटण, ब्लाउजला हूक असतो, ते नको. जुना टॉवेल जड पाण्यानं कडक झालेला असेल, तर तो फरशीलाच ठेवा. बाजारात मिळणारं रबरासारखं पिवळं शॅमी वाळलं की पापडासारखं कडक होतं. ते आधी भिजवून, पिळून मगच वापरा.

फडक्याची चौघडी घाला. एकाच फडक्याच्या आठ बाजू मिळतात. एक ओली किंवा मळकी झाली की दुसरी काढा. घासू नका. फडकं पत्र्यावर पसरा आणि हलक्या हातानं सरळ ओढा. रंगावरचा चकचकीत थर आपल्या केसाहूनही पातळ असतो. एखादा वाळूचा कण फडक्यात अडकला आणि आपण गोल गोल घासलं, की उन्हात दिसतात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे पडतात. फडकं खाली मातीत पडलं तर झटकून परत वापरू नका, बाजूला ठेवा.

क्रम वरून खाली. टप, काचा, बॉनेट, डिकी, मग दारं. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, आणि त्यांना वेगळं फडकं. फरशीचा वायपर गाडीच्या रंगावर कधीही फिरवू नका, त्याच्या रबरात घरातली रेती असते.

तिसरी पायरी, वारा. आरशाच्या मागे, दाराच्या मुठीत, नंबर प्लेटखाली, पेट्रोलच्या झाकणात पाणी लपतं आणि पुसून झाल्यावर ओघळ येतात. घरात फुंकणारा ब्लोअर असेल तर त्यानं ते बाहेर काढा. केसांचा ड्रायर वापरायचा तर गार हवेवर. पण बायांनो, ओले हात, ओलं अंगण आणि विजेची वायर हे एकत्र येऊ देऊ नका. हात कोरडे, पायात रबरी चप्पल आणि एक्स्टेंशन बोर्ड कोरड्या ओट्यावर. हे जमत नसेल तर ब्लोअर राहू दे, फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून पुसलं तरी चालतं.

मग चारही दारं आणि डिकी उघडा. रबराच्या पट्ट्या आणि उंबरा पुसून घ्या. पायपुसण्या काढून वेगळ्या वाळत घाला. त्या ओल्या राहिल्या तर पावसाळ्यात आत कुबट वास येतो. आणि ओल्या गाडीवर कव्हर घालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. धुताना चाकाच्या आतली ब्रेकची चकतीही भिजते. ओला ब्रेक पहिल्यांदा दाबल्यावर कमी धरू शकतो. म्हणून धुतल्यावर गाडी मोकळ्या जागी हळू चालवा आणि चार-पाच वेळा ब्रेक हलके दाबा. त्या घासण्यानं चकती तापते आणि वाळते. मुलांना बसवायचं किंवा घाट उतरायचा तो त्यानंतरच. चकतीवर नारिंगी गंज दिसला तर घाबरू नका. ते बिडाचं लोखंड असतं, त्यावर गंजाची पातळ साय चटकन धरते आणि ब्रेक दाबल्यावर निघून जाते. मात्र ब्रेक ओले असताना हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस उभी करू नका, तो चिकटून बसतो. सपाट जागा बघा, गिअर टाका आणि चाकाला दगड लावा.

पांढरे डाग आधीच पडले असतील तर? पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करा. गार पत्र्यावर, सावलीत फडक्यानं लावा, मिनिटभरात पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करा. तांब्याच्या भांड्याला घासतो तशी चिंच किंवा लिंबू-मीठ इथे लावू नका, मिठाच्या खड्यानं ओरखडे पडतात.

शेवटी फडकी. मायक्रोफायबर साध्या साबणानं वेगळं धुवा, सुती कपड्यांसोबत नको, त्यांचे तंतू चिकटतात. कपडे मऊ करायचं द्रावण टाकू नका, फडकं पाणी शोषेनासं होतं. इस्त्रीही नको.

तेव्हा येत्या रविवारी बादली भरायच्या आधी दोन कोरडी फडकी काढून ठेवा. गाडी चकचकीत राहील, विकताना दोन पैसे जास्त येतील, आणि सोमवारी सकाळी पहिल्या वळणावर ब्रेकही वेळेवर लागेल.